दोष आढळला नाही

आमच्या हॉस्पिटलच्या हजेरीपटावर शालिग्राम आधार यांचा हुद्दा ‘वॉर्डबॉय’ असा आहे. वय सत्तावन्न. दोन नातवंडांच्या आजोबाला बॉय म्हणू नये एवढं मलाही कळतं, पण हजेरीपट मी छापत नाही, नुसता भरतो. मी इथला कारकून, भटू. डिस्चार्ज कार्ड, तक्रारीची पत्रं, रजेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे पुढे जो मूर्खपणा सांगणार आहे, त्यातला निम्मा माझ्याच अक्षरात आहे.

शालिग्रामभाऊंचं खरं काम म्हणजे धरणं. गाव कापडणे, शिक्षण सातवी, आणि एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काही ना काही धरून उभे. डॉक्टर आबांच्या काळात, म्हणजे ज्यांनी हे हॉस्पिटल काढलं त्यांच्या काळात, धुळ्यात वीज रोज जायची आणि आमचा जनरेटर आपल्या मर्जीने सुरू व्हायचा. तोवर जखमेवर बॅटरी धरायची ती भाऊंनी. एकदा मांडीच्या हाडाचं ऑपरेशन अर्ध्यावर असताना जनरेटर रुसला तो पावणेतीन तास. तेवढा वेळ भाऊंनी बॅटरी धरली. सेल दोनदा बदलले, हात बदलला नाही.

दुसरं धरणं एक्स-रेच्या फिल्मचं. भिंतीवर दिव्याची पेटी होती, तिच्यातली ट्यूब गेली ती गेलीच. मग भाऊ फिल्म घेऊन खिडकीच्या उजेडात उभे राहायचे. आबांनी रक्ताळलेल्या हातांनी मान वर केली की फिल्म समोर पाहिजे. पहिली काही वर्षं भाऊ खिडकीला पाठ लावून उभे असत. नंतर आबांच्या कपाळाला आठी पडायला लागली, तेव्हा भाऊ एक पाऊल पुढे आले. काही वर्षांनी आणखी एक. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. आबा शेवटपर्यंत ऑपरेशन करत होते आणि शेवटी भाऊ जवळजवळ टेबलाला टेकून उभे राहायचे.

आबा गेले. त्यांची मुलगी डॉ. ज्योत्स्ना पुण्याहून हाडांची डॉक्टर होऊन आली होती, तिने हॉस्पिटल हातात घेतलं. आणि तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दिवशी टॅब आणला.

खंडेनवमीला आमच्याकडे थिएटरातल्या हत्यारांची पूजा असते. करवत, हातोडी, ड्रिल, सगळं हिरव्या कापडावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. टॅब नेमका त्या दिवशी आल्याने तोही मांडला. सिस्टरांनी त्यालाही कुंकू लावलं, ते चार्जिंगच्या भोकात गेलं, आणि डॉ. ज्योत्स्नांनी आपल्या नव्या यंत्रावरची पहिली शस्त्रक्रिया इंजेक्शनच्या सुईने केली. यश आलं.

टॅबचं काम असं. रुग्णाचं सीटी स्कॅन त्यात असतं. मोडलेलं हाड पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून पाहता येतं, कुठला तुकडा कुठे सरकला ते कळतं. पण ऑपरेशन करणाऱ्याचे हात निर्जंतुक, त्यांनी टॅबला शिवायचं नाही. रुग्णाच्या छातीपाशी हिरवा पडदा लावलेला असतो. त्याच्या अलीकडे, रुग्णाच्या डोक्याशी, ज्याचे हात निर्जंतुक नाहीत अशा माणसाने टॅब धरायचा आणि डॉक्टर म्हणतील तसं बोट फिरवायचं. हा माणूस कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

टॅबबरोबर एक स्टँडही आला होता. पहिल्या दिवशी टॅब स्टँडवर लावला. भाऊंनी फक्त अधूनमधून बोट लावायचं होतं. दीड तास ते मोकळ्या हातांनी उभे राहिले. हात आधी पाठीमागे घेतले, मग पोटावर, मग घडी घातली, शेवटी भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं, ते सरळच होतं. दुसऱ्या दिवशी स्टँड सापडेना. सगळ्यांनी शोधला. सगळ्यात जास्त भाऊंनी शोधला.

मग टॅब भाऊंच्या हातात आला आणि दोन वर्षं सगळं झकास चाललं. ज्या माणसाला मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नव्हतं, तो “फिरवा” म्हटल्यावर हाड अचूक तेवढंच फिरवून थांबायला शिकला. आमच्या हॉस्पिटलात ‘भाऊंचा हात’ हे एक मापच आहे. नव्या सिस्टरने सलाइनची सुई चाचरत लावली तर मोठ्या सिस्टर म्हणतात, “भाऊंचा हात बघ आणि शीक.”

गेल्या दिवाळीनंतर चित्र थरथरायला लागलं.

डॉ. ज्योत्स्ना म्हणाल्या, “युवराज, हे हलतंय का?” डॉ. युवराज म्हणजे भूल देणारे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पडद्याचा काहीतरी तांत्रिक दोष इंग्रजीत सांगितला. सिस्टर म्हणाल्या, व्होल्टेज कमी असेल. टॅब बॅटरीवर चालतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊ म्हणाले, “नवी यंत्रं अशीच.” दोन डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक भाऊ, यांपैकी एकालाच दोष कुठे आहे ते ठाऊक होतं.

पहिलं तक्रारपत्र मी लिहिलं. त्याची प्रत अजून फाइलला आहे. “चित्र थरथरते. सकाळी कमी, दुपारी जास्त. ऑपरेशन लांबल्यास वाढते. कोणी बारकाईने पाहत असल्यास फारच वाढते.” आता वाचताना वाटतं, हे यंत्राचं वर्णन नाही, ही तर रुग्णाची लक्षणं. हाडांच्या हॉस्पिटलात वीस वर्षं काढून मला ते दिसलं नाही. लिहिणाऱ्याला अक्कल पाहिजेच असं नाही, अक्षर चांगलं असलं की भागतं.

टॅब जळगावहून घेतला होता. तिथल्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, बंद करून चालू करा. केलं. दुसऱ्यांदा टॅब पार्सलने पाठवला. तो आठ दिवसांनी परत आला, वर चिठ्ठी, “दोष आढळला नाही.” त्या आठ दिवसांत जुन्यासारख्या फिल्म काढल्या, भाऊंनी त्या धरल्या, आणि त्याही थरथरल्या. तेव्हा आम्ही एसीचं वारं कमी केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा वळसा पार जळगावपर्यंत गेला होता आणि कळसा थिएटरात उभा होता.

घरी मात्र वळसा वगैरे काही नव्हतं. भाऊंच्या बायकोला, पार्वताबाईंना, पहिल्या आठवड्यातच कळलं. भाऊ भरला कप सोडून अर्धा चहा मागायला लागले.

“अर्धाच चहा कसाले मांगतस तुम्ही?”

“गोड कमी करनं शे.”

पार्वताबाईंनी साखर कमी केली नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा मोठ्या पेल्यात अर्धा द्यायला लागल्या, म्हणजे तो पूर्ण कपाएवढा व्हायचा आणि सांडायचा नाही. “माले बठ्ठं माहीत व्हतं,” सगळंच माहीत होतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. “पन मानूस आपलं आपन सांगी तंवर कशाले बोलनं?”

भाऊ का बोलत नव्हते, ते स्पष्ट सांगतो. एकतीस वर्षांत हात थरथरला म्हणून थिएटरबाहेर गेलेले दोघं त्यांनी पाहिले होते. एक सिस्टर आणि एक डॉक्टर. दोघांना बाहेर ओपीडीत खुर्ची मिळाली, मान मिळाला, आणि दोघांना दुपारचा चहा भाऊंनीच नेऊन दिला होता. थिएटरचं दार आत ढकलून उघडतं. ते आपल्यासाठी पुन्हा उघडणार नाही, एवढीच त्यांची भीती होती. पण ती रात्रंदिवस होती. माझ्यासमोर ते रोज बसायचे, हात टेबलाखाली ठेवून, आणि मला वाटायचं त्यांना थंडी वाजते.

तिसऱ्या वेळी डॉ. ज्योत्स्ना म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही स्वतःच जळगावला घेऊन जा. कसं हलतं ते तुमच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही.” हे त्या अगदी सरळ मनाने म्हणाल्या.

भाऊ हिरव्या कापडात टॅब गुंडाळून सकाळच्या बसने निघाले. पारोळा, एरंडोल करत अडीच तास. एसटीत सगळंच हलतं, त्यामुळे ते अडीच तास त्यांना फार बरं वाटलं.

दुकान मेहरूणच्या रस्त्याला होतं. दुरुस्ती करणारा ईश्वर नावाचा तरुण, सभ्य. त्याने टॅब टेबलावर उभा केला, त्यात कुणाचा तरी खांदा लावला आणि दोघं चहा पीत तासभर त्या खांद्याकडे पाहत बसले. खांदा जागचा हलला नाही.

“तुम्ही कसं धरता ते दाखवा बरं,” ईश्वर म्हणाला.

भाऊंनी धरला. खांदा थरथरायला लागला. ईश्वरने पडद्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“माझ्या वडिलांचं असंच व्हायचं,” तो म्हणाला. “गोळी मिळते.”

“याला?” भाऊंनी टॅब पुढे करून विचारलं.

“याला नाही.”

त्याने पावतीवर दुसऱ्यांदा “दोष आढळला नाही” लिहिलं आणि टॅब पुन्हा कापडात नीट गुंडाळून दिला.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून भाऊ मेहरूण तलावावर जाऊन बसले. टॅब शेजारी दगडावर ठेवला, उजवा हात समोर धरला आणि पाहिला. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी तो नीट पाहिला. तिथे त्यांनी ठरवलं, की उद्या सकाळी पहिल्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं नाही. डॉक्टर घाईत होत्या, हे कारण. त्या रोजच घाईत असतात.

पहिलं ऑपरेशन गुंताबाईचं होतं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. थोडी पावसाच्या भरवशाची शेती, बाकी मजुरी. घरची बोली पावरी, बाजारातली अहिराणी. केळीच्या बागेत ठिबकच्या ओल्या नळीवरून पाय घसरला आणि गुडघ्याखालच्या हाडाचे पाच तुकडे झाले. नवरा रुपसिंग बाहेर बाकावर बसला होता. पाच तुकडे म्हणजे टॅब पदोपदी लागणार. कंबरेत इंजेक्शन देऊन पायाची भूल दिलेली, त्यामुळे बाई पूर्ण जागी. तिला पाय दिसत नव्हता. दिसत होता तो हिरवा पडदा, वरचा दिवा, आणि डोक्याशी उभा असलेला एक माणूस हातात काळी पाटी घेऊन.

पुढचं मी आत जाऊन पाहिलेलं नाही. पण चार जणांकडून ऐकलं आणि चौघांचं एकच आहे, जे आमच्याकडे कधी होत नाही.

तीन तुकडे जागेवर बसले. चौथा बसेना. डॉक्टरांनी मान वर केली. “मोठं करा. फिरवा. थांबा.” चित्र थांबेना. मोठं केलेलं चित्र जास्तच हलतं. डॉक्टर हातातलं हाड तसंच दाबून धरून म्हणाल्या, “कालच जळगावहून आलं ना हे? काय दुरुस्त केलं त्यांनी?”

“गाडीत दचके बसले असतील,” भाऊ म्हणाले.

हिरव्या पडद्याच्या अलीकडून गुंताबाईचा आवाज आला. “डबी हालत नई वं, माय. भाऊना हात हालस.”

डॉ. ज्योत्स्नांनी पहिल्यांदा टॅब सोडून हाताकडे पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं. डॉ. युवराजांनी चष्मा वर केला. एकतीस वर्षांत थिएटरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी भाऊंकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ. भाऊंचा हात आता उघड थरथरत होता, आणि टॅब खाली ठेवायला जागा नव्हती.

गुंताबाईचा डावा हात मोकळा होता. तिने तो वर केला, नाडी मोजायची बोटाची क्लिप निसटून मॉनिटर ओरडायला लागला, तिकडे लक्ष न देता तिने भाऊंचं मनगट पकडलं. निंदणीचा, केळीचे घड उचलणारा हात. पकडलं ते घट्ट.

“मी धरस,” ती म्हणाली. “तू दखाड.” म्हणजे दाखव.

चित्र थांबलं.

डॉ. युवराजांनी क्लिप उचलून दुसऱ्या हाताच्या बोटाला लावली. या सगळ्यात त्यांचं योगदान एवढंच, पण ते वेळेवर झालं. डॉ. ज्योत्स्नांनी पडद्यावर पाहिलं, खाली पाहिलं आणि चौथा तुकडा बसवला. मग म्हणाल्या, “मागून दाखवा.” भाऊंनी दुसऱ्या हाताच्या बोटाने फिरवलं. “जवळ आणा.” दोघांनी जवळ आणला. पन्नास मिनिटं असंच चाललं. आपल्याच मोडक्या हाडाचं चित्र ती बाई दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून धरून होती, तिला स्वतःला फक्त टॅबची पाठ दिसत होती. मधे तिने विचारलं, “पोरं कितला शेतस तुले?” भाऊ म्हणाले, दोन. ती म्हणाली, “माले च्यार.” हाताची पकड ढिली झाली नाही.

ऑपरेशन झालं. बाईला वॉर्डात नेलं. भाऊ स्टोअरमध्ये गेले, जुन्या ऑक्सिजन सिलिंडरच्या मागे हात घातला, धूळ झटकली आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन तो स्टँड टेबलावर ठेवला.

“हा कुठे सापडला?”

“मी ठेवला होता तिथेच.”

मग ते माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाले, “भटूभाऊ, राजीनामा लिही.” मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. खाली सही भाऊंनी केली, ती वाचता येत नव्हती. कागद मी घेऊन गेलो, कारण त्यांना पुन्हा केबिनमध्ये जायचं नव्हतं. तीन पत्रं लिहून मी एका धडधाकट यंत्राला आजारी ठरवलं होतं, आणि आता चौथ्या कागदाने माणूस बाहेर काढत होतो.

डॉ. ज्योत्स्नांनी राजीनामा वाचला. मग म्हणाल्या, “आबा घरी काय म्हणायचे माहीत आहे? म्हणायचे, शालिग्राम एक पाऊल पुढे आला की मी समजतो, चष्मेवाल्याकडे जायची वेळ झाली.” त्यांनी डोळे पुसले आणि लपवले नाहीत. “आबांचे डोळे गेले तर हा माणूस पुढे सरकला. याचा हात गेला, तर आपण यंत्र जळगावला पाठवत बसलो. लाज वाटते मला.”

मी म्हणालो, मलाही वाटते. ते खरं होतं.

त्यांनी राजीनाम्याचा कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशीची ऑपरेशनची यादी लिहिली आणि भिंतीला लावायला माझ्याकडे दिली. आठ वाजता खुबा. अकरा वाजता मनगट. खाली लिहिलं होतं, टॅब स्टँडवर. त्याखाली, शालिग्रामभाऊ रुग्णाच्या डोक्याशी. आणि त्याखाली, चार वाजता भाऊंना मेंदूच्या डॉक्टरांकडे दाखवणे, सोबत भटू.

यादी लावली. भाऊंनी ती वाचली. कागद पातळ होता, मागचा राजीनामा उलटा दिसत होता. “डोक्याशी काय धरायचं?” त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी ते वॉर्डात गुंताबाईला बघायला गेले. तिच्या पायाला एवढं मोठं प्लास्टर आणि ती विचारते, “हात कसा शे?” भाऊंनी दाखवला. तिने पाहिला. “हालू दे,” ती म्हणाली. “तुटेल नई ना.” तुटलेला तर नाही, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी आठचा रुग्ण साक्रीकडचे एक नाना, वय शहात्तर, खुबा मोडलेला. त्यांनाही कमरेखालची भूल, म्हणजे जागे. टॅब स्टँडवर चढला, चित्र दगडासारखं स्थिर. भाऊ डोक्याशी मोकळ्या हातांनी उभे. पडदा लागला, दिवा पेटला, ड्रिलचा आवाज सुरू झाला, आणि नाना घाबरून लटलट कापायला लागले. त्यांनी हवेत हात चाचपला, तो भाऊंच्या हातात आला, आणि भाऊंनी तो धरला.

सिस्टर सांगतात, दोन्ही हात थरथरत होते. त्यात कुणाचा कुठला ते ओळखू येत नव्हतं, आणि या वेळी कुणीही जळगावला पाठवायचं नाव काढलं नाही.